अलिबागच्या दीड एकरावर बेने इस्रायल कुटुंबांनी काय पेरावे?

शालोम. आपला प्रश्न मी नीट वाचला. माझ्या समजुतीप्रमाणे तो असा आहे. ठाण्यातील बारा-पंधरा बेने इस्रायल (म्हणजे कोकणातील यहुदी) कुटुंबे एकत्र आली आहेत. त्यांपैकी एका कुटुंबाची अलिबाग तालुक्यात वडिलोपार्जित दीड एकर जमीन आहे. त्यात सुमारे पंचवीस गुंठे भातखाचर आहे, उरलेल्या वरकस जमिनीत काही जुने माड आहेत आणि विहिरीला मार्चपर्यंत पाणी टिकते. गावातील एक कुटुंब कित्येक वर्षे ही जमीन अर्ध्या वाट्याने कसते. आपल्या मुलांचे या मातीशी नाते जुळावे म्हणून तेथे शाश्वत पद्धतीची सामुदायिक शेती करावी, यावर सर्वांचे एकमत आहे. परंतु काय लावावे यावर तीन तट पडले आहेत. काहींना आपल्या धर्मग्रंथातील, म्हणजे तोरामधील, सात पिके हवी आहेत, काहींना इस्रायलप्रमाणे ठिबक आणि हरितगृह हवे आहे, तर काहींच्या मते सेंद्रिय भाजीपाला लावून रविवारी मुलांना तेथे नेले की पुरे.

मी स्वतः बेने इस्रायल आहे. माझे कृषी शिक्षण दापोलीच्या विद्यापीठात झाले, पुढे काही वर्षे मी इस्रायलच्या नेगेव वाळवंटातील एका मोशावात, म्हणजे सहकारी शेती-वसाहतीत, काम केले आणि आता अलिबाग तालुक्यात वाडी सांभाळून अशा गटांना सल्ला देतो. त्या अनुभवावरून मला वाटते की आपला खरा प्रश्न पिकाच्या निवडीच्या एक पायरी आधीचा आहे. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी खाचरात कोण उभे असेल, आणि तेथे पिकलेल्या धान्यावाचून ठाण्यातील आपल्या घरातले कोणते काम अडेल? या दोन प्रश्नांना उत्तर असेल तर पीक जवळजवळ आपोआप ठरते. उत्तर नसेल, तर कोणतेही पीक लावले तरी तिसऱ्या वर्षी तेथे तण माजते आणि जागा विकण्याची चर्चा सुरू होते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. खाचर खाडीलगतच्या खारपट्ट्यात आहे की गोड्या जमिनीत, सातबाऱ्यावर आज कोणाची नावे आहेत, जमीन कसणाऱ्या कुटुंबाचे म्हणणे काय आहे आणि आपल्यातील कुटुंबे धर्मनियम कितपत काटेकोरपणे पाळतात, यांवर पुढील सल्ल्यातील बराच तपशील बदलेल. धर्मनियमांविषयी मी जे लिहितो ते शेतीच्या अंगाने लिहितो. निर्णय आपल्या हज्जानांमार्फत (प्रार्थना चालवणाऱ्यांमार्फत) रब्बींना विचारूनच घ्यावा.

आता सात पिकांविषयी. तोराच्या ‘अनुवाद’ या पाचव्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात गहू, जव, द्राक्ष, अंजीर, डाळिंब, जैतून आणि खजूर यांची नावे येतात. ती कनान देशाच्या, म्हणजे प्राचीन इस्रायलच्या, हवामानाची पिके आहेत. तेथे हिवाळ्यात पाऊस पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. अलिबागला चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि हिवाळ्यात पुरेशी थंडी पडत नाही. जैतुनाला मोहोर येण्यासाठी जी थंडी लागते ती किनाऱ्यावर मिळत नाही, त्यामुळे झाड जगले तरी फळ धरणार नाही. डाळिंबावर या दमट हवेत तेल्या आणि बुरशीजन्य रोग इतके येतात की फवारणीवाचून ते टिकवणे अवघड आहे, आणि मग शाश्वत शेती हा शब्द नावापुरताच उरतो. सात पिकांशी नाते जोडायचे असेल तर महाराष्ट्रात जेथे ती उत्तम येतात तेथील शेतकऱ्यांशी ते जोडावे. पुरंदरचे अंजीर आणि सोलापूरचे डाळिंब यांना भौगोलिक मानांकन आहे. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथ व सणांच्या द्राक्षरसावरील प्रार्थनेसाठी, आपल्या घरांत काळ्या मनुका भिजवून जे सरबत करतात, त्या मनुका नाशिक किंवा सांगलीच्या एखाद्या सेंद्रिय द्राक्ष उत्पादकाकडून पंधरा कुटुंबांनी वर्षाच्या एकत्र घेतल्या तर तोही जमिनीशी जोडणारा व्यवहारच होईल.

इस्रायली तंत्राविषयी मला आदर आहे, कारण माझ्या आयुष्याची उमेदीची वर्षे त्यातच गेली. परंतु ते तंत्र कशासाठी जन्मले हे ध्यानात घ्यावे. १९६५ साली हात्झेरीम किब्बुत्झमध्ये (सामुदायिक वसाहतीत) ठिबक सिंचनाचे उत्पादन सुरू झाले ते बेरशेबाजवळ, जेथे वर्षभरात जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जमिनीची पहिली गरज पावसाळ्यात पाण्याचा निचरा करण्याची आणि पावसाळा संपताना पाणी अडवण्याची आहे. बांधबंदिस्ती नीट केली, ऑक्टोबरअखेर ओहोळावर रेती भरलेल्या पोत्यांचा वनराई बंधारा घातला आणि माडांच्या आळ्यांत नारळाची सोडणे (वरची साले) व पालापाचोळा यांचे जाड आच्छादन ठेवले, तर मार्चपर्यंत टिकणारे विहिरीचे पाणी काही आठवडे पुढे जाऊ शकते. त्यानंतर वाडीपुरते ठिबक अवश्य करावे. त्याला वेळ लावण्याचे साधन जोडले तर शुक्रवारी संध्याकाळपूर्वी लावून ठेवता येते आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, कोणालाही नळ फिरवावा लागत नाही. हरितगृह मात्र करू नये. किनाऱ्यावरच्या वादळात त्याचा टिकाव लागत नाही आणि त्यासाठी रोज तेथे राहणारा जाणकार लागतो.

याच संदर्भात नेवातीमचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. १९५० च्या दशकात कोचीनचे यहुदी इस्रायलला गेले आणि त्यांतील अनेकांना मोशाव वसाहतींत जमिनी मिळाल्या. बेरशेबाजवळचे नेवातीम ही त्यांतली एक. मिरी, माड आणि मसाल्यांच्या देशातून आलेल्या या लोकांनी वाळवंटात केरळ उभारण्याचा हट्ट धरला नाही. त्यांनी हरितगृहांत निर्यातीची फुले पिकवून त्या मातीत पाय रोवले, आणि आपली प्रार्थनेची चाल, गाणी व स्वयंपाक मात्र जपला. जमीन जे देते ते पिकवायचे आणि परंपरा त्या पिकाभोवती नांदवायची, हा क्रम त्यांनी पाळला. अलिबागमध्ये कनान उभारण्याचा आपला प्रयत्न हा क्रम उलटा करतो.

आपल्या बाबतीत तर हे काम आणखी सोपे आहे, कारण आपल्या पूर्वजांनी ते शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे. आपली आडनावे रोहेकर, पेणकर, नवगावकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली आहेत. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत, म्हणजे तिळाचा आणि खोबऱ्याचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे. त्या घाण्याबरोबर शेतीही होती, आणि आपल्या सणांचे पदार्थ त्या शेतीतूनच आले. मलिद्याला, म्हणजे आभाराच्या प्रार्थनेच्या नैवेद्याला, पोहे, खवलेला नारळ, गूळ किंवा साखर आणि फळे लागतात. नव्या वर्षाला गव्हाचा चीक नारळाच्या दुधात शिजवून हलवा करतात. दुधाऐवजी नारळाचे दूध वापरण्याची आपली पद्धत मांसाहाराबरोबर दूध न खाण्याच्या नियमाशी जुळते आणि त्याच वेळी ती वाडीतल्या माडाशीही जुळते. रोश हशाना या नववर्षाच्या सणानंतर, हिब्रू पंचांगातील तिश्री महिन्याच्या चौथ्या दिवशी, नव्या धान्याची खीर करून खिरीचा सण पाळत असत; आज पुष्कळ घरांत तो विस्मरणात गेला आहे. सुक्कोथ सणात उभारायच्या सुक्काच्या, म्हणजे मांडवाच्या, छपराला जमिनीतून उगवलेले आणि तोडलेले काहीतरी लागते, आणि आपल्याकडे माडाच्या झावळ्या त्यासाठी नेहमीच हाताशी होत्या.

म्हणून माझा सल्ला असा की पिकांची यादी करताना तोरामधील वचन आणि बाजारभाव हे दोन्ही क्षणभर बाजूला ठेवून आपल्या आज्यांकडून वर्षभराच्या सणांच्या पदार्थांची यादी करून घ्यावी. त्या यादीत जे जे अलिबागच्या मातीत येते ते शेतात लावावे. पंचवीस गुंठ्यांत भात, भातानंतर ओलाव्यावर वाल आणि विहिरीजवळच्या तुकड्यात पांढरा कांदा घ्यावा. वाडीत जुन्या माडांची निगा राखून मोकळ्या जागी नवे माड, केळी, काही आंब्याची आणि काजूची कलमे लावावीत, आणि बांधावर थोडे तीळ पेरावेत. पांढऱ्या कांद्याविषयी थोडे अधिक सांगतो. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि तो प्रामुख्याने खंडाळे, कार्ले, नेहुली या परिसरात होतो. एलियाहू हन्नाबींच्या (प्रेषित एलियांच्या) रथाची खूण म्हणून आपण ज्या खडकाचे दर्शन घेतो तो याच खंडाळे परिसरात आहे. तेथे मलिद्याला जाणाऱ्या आपल्या किती मुलांनी रस्त्याच्या कडेची कांद्याची शेते कोणती आहेत हे विचारले असेल? कांद्याचे बी तेथील शेतकरी घरचे राखतात. ते त्यांच्याकडूनच घ्यावे आणि माळा विणण्याची पद्धतही त्यांच्याकडूनच शिकावी.

भाताच्या बाबतीत आपल्या समाजाची एक खास अडचण आहे आणि तिचा विचार पेरणीपूर्वीच करावा लागतो. रोश हशाना, योम किप्पुर, सुक्कोथ आणि सिमहाथ तोरा हे सगळे सण सप्टेंबरच्या आरंभापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच्या काळात कधीतरी येतात, आणि हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, भाताची कापणीही नेमकी तेव्हाच येते. सगळे खाचर हळव्या जातीचे केले तर कापणीला कोणी जाणार नाही आणि तयार भात परतीच्या पावसात आडवा होईल. म्हणून बहुतेक क्षेत्रात उशिरा तयार होणारी गरवी किंवा निमगरवी जात घ्यावी, म्हणजे कापणी सणांनंतर येते आणि सर्व कुटुंबे हजर राहू शकतात. दोन-तीन गुंठ्यांत मात्र कर्जत-१८४ सारखी सुमारे शंभर दिवसांत तयार होणारी हळवी जात मुद्दाम पेरावी, ती खिरीच्या सणासाठी. आपले पंचांग दरवर्षी मागेपुढे सरकते, त्यामुळे ज्या वर्षी रोश हशाना सप्टेंबरच्या आरंभी येईल त्या वर्षी नवा तांदूळ वेळेवर मिळणार नाही. तेव्हा आदल्या वर्षीचे राखलेले धान्य वापरावे. हे दरवर्षी मे महिन्यात पंचांग समोर ठेवून ठरवायचे काम आहे, आणि ते मुलांकडे सोपवावे असे मी आग्रहाने सांगेन. हिब्रू पंचांग आणि मृग नक्षत्र एकाच वहीत शेजारी लिहिण्याची सवय त्यांना लागली की आपण ज्याला नाते म्हणतो त्यातले पुष्कळसे साधलेले असते.

तू बिश्वात या झाडांच्या नववर्षाच्या सणाविषयीही असाच पेच आहे. जगभरातील यहुदी समाज त्या दिवशी झाडे लावतो, कारण इस्रायलमध्ये तो पावसाळ्याचा काळ असतो. आपल्याकडे शेवाट महिन्याची पंधरावी जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा जमीन वाळू लागलेली असते. त्या दिवशी लावलेले रोप मे महिन्यापर्यंत जगवण्यासाठी जे पाणी लागेल ते आपल्या विहिरीत नाही. मुलांच्या हाताने लावलेले झाड उन्हाळ्यात वाळले तर त्यांच्या मनावर जो परिणाम होतो तो भाषणांनी भरून निघत नाही. लागवड जूनमध्ये, पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर करावी. तू बिश्वातला आपल्याकडे एलियाहू हन्नाबींचा उरूस पाळण्याची प्रथा आहे. त्या दिवशी आपल्या भाताचे पोहे, आपला नारळ आणि आपली केळी घेऊन खंडाळ्याला मलिदा करावा, आणि त्याआधी सकाळी वाडीत आळ्यांना आच्छादन घालणे, मोहोराची पाहणी करणे, कांद्याची खुरपणी करणे ही त्या हंगामाची खरी कामे करावीत. मलिद्याच्या ताटावर झाडाच्या फळाची बराखा (आशीर्वचन) वेगळी आणि जमिनीच्या फळाची वेगळी म्हणतात, आणि केळे जमिनीच्या फळांत मोडते. ज्या मुलाने केळीचा खुंट कापून बाजूचा मुनवा वाढताना पाहिला आहे त्याला यामागचे कारण समजावून सांगावे लागत नाही.

कलमांच्या संदर्भात आपले दोन धर्मनियम भारतातही लागू धरले जातात, म्हणून ते आधीच माहीत असावेत. पहिला ओर्लाचा, म्हणजे लावल्यापासून पहिल्या तीन वर्षांची झाडाची फळे न खाण्याचा. योगायोग असा की आंब्याच्या कलमाचा पहिल्या तीन-चार वर्षांचा मोहोर खुडून टाकावा असे फलोत्पादनाचे शास्त्रही सांगते, कारण लहान वयात फळ धरू दिले तर कलमाची वाढ खुंटते. काजूचे कलम तिसऱ्या वर्षीच फळायला लागते, तेव्हा तेथे लक्ष ठेवावे. वर्षांची मोजणी रोश हशानाला बदलते आणि त्यासाठी हिब्रू पंचांगातील आव महिन्याच्या पंधरावीपूर्वी झाड लावलेले असणे महत्त्वाचे असते. जूनमधील लागवड या अटीत बसते. पुढचा हिशेब तू बिश्वातशी जोडलेला आहे आणि चौथ्या वर्षाच्या फळांचेही काही नियम आहेत, म्हणून प्रत्येक झाडाची लागवडीची तारीख नोंदवून ठेवावी आणि फळ खाण्यापूर्वी विचारून घ्यावे. केळीला हा नियम लागत नाही, पपईबाबत मतभेद आहेत. दुसरा नियम एका जातीच्या झाडावर दुसऱ्या जातीचे कलम न करण्याचा. हापूसचे कलम आंब्याच्याच रोपावर आणि काजूचे काजूवर बांधलेले असते, त्यामुळे तेथे अडचण येत नाही. लिंबूवर्गीय रोपे घेताना मात्र खुंट कोणता हे रोपवाटिकेत विचारावे.

आता सर्वांत महत्त्वाची आणि नाजूक बाजू, ती म्हणजे आज ही जमीन कसणारे कुटुंब. आपल्या प्रश्नात त्यांचा उल्लेख एका ओळीत आला आहे, परंतु माझ्या दृष्टीने सगळी योजना त्यांच्यावर उभी आहे. जुलैतल्या मंगळवारी खाचरात तेच असतील. त्यांना दूर करून ठाण्याहून मजूर नेण्याचा विचार कोणी मांडत असेल तर तो स्वीकारू नये. त्यांच्याशी बोलून, त्यांचा अर्धा वाटा कायम ठेवून, आपण वाढवून मागतो त्या कामाचा वेगळा मोबदला ठरवावा आणि सर्व काही लेखी ठेवावे. कुळकायद्याचा इतिहास कोकणात ताजा आहे. १९३३ पासून अनेक वर्षे चाललेला चरीचा शेतकरी संप याच तालुक्यात झाला. कुळकायद्याने ठरवलेल्या १९५७ च्या कृषिदिनानंतर जमिनी कसणाऱ्यांच्या नावे झाल्या, त्यात काही बेने इस्रायल कुटुंबांच्याही गेल्या. त्याची खंत घरात बोलली जाते, परंतु गावात ती घेऊन जाऊ नये. ज्यांच्या आजोबांनी तो बांध सांभाळला त्यांच्याइतके त्या मातीला कोणी ओळखत नाही.

शब्बाथचा प्रश्न येथेच येतो. स्वतःच्या वाट्यासाठी कसणारा बिगर-यहुदी वाटेकरी शनिवारी स्वतःच्या मर्जीने काम करत असेल तर त्याला एक नियम लागतो, आणि आपण रोजावर बोलावलेल्या माणसाला शनिवारी कामाला लावले तर दुसरा. हे बारकावे रब्बींना विचारावेत. मी ज्या गटांबरोबर काम करतो त्यांना एवढेच सांगतो की आपण रोज देतो ती सर्व कामे शनिवारी बंद ठेवावीत आणि तो दिवस मजुरांनाही सुटीचा असावा. निर्गम ग्रंथात विश्रांतीची आज्ञा बैलाला आणि परक्यालाही आहे. शनिवारी घाणा थांबायचा तेव्हा घाण्याचा बैलही थांबायचा. मजुरीच्या बाबतीत अनुवाद ग्रंथातील आज्ञा स्पष्ट आहे, की मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. रविवारी जमलेल्या कुटुंबांनी मुलांच्या देखत, मुलांच्याच हाताने ती द्यावी.

शेताचा कोपरा आणि गळलेली कणसे गरिबांसाठी सोडण्याचा पेआ व लेकेतचा नियम मुळात इस्रायलच्या भूमीसाठी आहे, परंतु त्याचा आशय आपल्या खाचराला नेमका लागू पडतो. रायगड जिल्ह्यात कातकरी वाड्यांतील माणसे कापणीनंतर खाचरांत सरवा वेचतात आणि उंदरांच्या बिळांतून भाताच्या लोंब्या काढतात. दिवाळीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. कापणीच्या वेळी एक कोपरा उभा ठेवावा आणि जवळच्या वाडीला तसे आधी सांगावे. छायाचित्रे काढू नयेत आणि वाटपाचा कार्यक्रमही करू नये. त्यांनी येऊन स्वतः कापून न्यावे हेच त्या आज्ञेचे मर्म आहे. अमेरिकेत बर्कलीच्या अर्बन अदामा या शेतीवर पिकवलेला माल गरजूंना मोफत देतात, आणि कनेक्टिकटच्या अदामा शेतीवर तरुण काही महिने राहून शेती, प्रार्थना व अभ्यास एकत्र करतात. त्यांचे काम मी आदराने पाहतो. परंतु तेथील तरुण शेतीवर राहायला जातात आणि आपल्याकडे नोकरी-शाळेतून फक्त रविवार मिळतो, हा फरक विसरून त्यांचा साचा जसाच्या तसा उचलू नये.

श्मिताचे, म्हणजे जमिनीला विसावा देण्याचे, सातवे वर्षही असेच आहे. यापूर्वीचे २०२१-२२ मध्ये झाले आणि पुढचे २०२८-२९ मध्ये येईल. भारतातील जमिनीवर ते बंधनकारक नाही. कोकणात जमीन नुसती सोडली तर एका पावसात तणांचे रान होते, म्हणून मी असे सुचवतो की खाचराचे सात भाग करून दरवर्षी एका भागात भात न घेता ताग किंवा धैंचा पेरून तो फुलोऱ्यात गाडावा. त्या भागाला सेंद्रिय कर्ब आणि नत्र मिळते, आणि सात वर्षांत प्रत्येक तुकड्याला विसावा मिळून जातो. बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावल्या तर हिरवळीचे खतही घरचे होते.

सेंद्रिय पद्धतीविषयी आपण विचारले आहे. पारंपरिक राब भाजण्यात पालापाचोळा आणि फांद्या जळतात, आणि चिखलणीत जमिनीची घडण बिघडते. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या सगुणा राइस तंत्रात कायमस्वरूपी गादीवाफे करून, साच्याने भोके पाडून थेट बी टोकतात. राब, चिखलणी आणि लावणी तिन्ही टळतात आणि त्याच वाफ्यांवर नंतर वाल घेता येतो. रविवारच्या स्वयंसेवकांना टोकणी जमते, लावणी सहसा जमत नाही, हाही त्याचा मोठा फायदा आहे. मात्र मूळ तंत्रात तणनाशकाचा वापर आहे. आपल्याला तो नको असेल तर पहिल्या दोन महिन्यांत किमान दोन-तीन वेळा हाताने बेणणी करावी लागेल, आणि तिचे मनुष्यबळ आधी ठरवल्याशिवाय सर्व पंचवीस गुंठे त्या पद्धतीने करू नयेत. पहिल्या वर्षी पाच गुंठे पुरेत. उरलेले कसणाऱ्या कुटुंबाच्या पद्धतीनेच होऊ द्यावे.

खर्च-उत्पन्नाचा अंदाज साधाच आहे. गुंठ्याला पंचवीस ते तीस किलो भात धरला तर पंचवीस गुंठ्यांत सुमारे सातशे किलो भात होईल आणि त्याचा साधारण साडेचारशे किलो तांदूळ निघेल. अर्धा वाटा दिल्यावर पंधरा कुटुंबांना प्रत्येकी पंधरा किलोच्या आसपास तांदूळ मिळेल. यावर कोणाचा संसार चालणार नाही, पण पंधरा कुटुंबांचे वर्षभराचे मलिदे, खिरी आणि शुक्रवारच्या रात्रीचा भात त्यात भागतो. ही शेती नफ्याची आहे असे सदस्यांना कधीही सांगू नये. प्रत्येक कुटुंबाने वर्षाची ठरावीक वर्गणी द्यावी आणि ती धान्याची किंमत न मानता जमिनीच्या निगेचा खर्च मानावी.

मुले शेतकरी होतील का, असेही आपण विचारले आहे. बहुधा होणार नाहीत. अर्जेंटिनातील मोइसेस व्हिले येथे १८८९ पासून रशियन साम्राज्यातून आलेल्या यहुदी कुटुंबांनी शेती उभारली, आणि पुढे बॅरन हिर्श यांच्या संस्थेने तशा अनेक वसाहती वसवल्या. तेथे एक म्हण पडली, की आम्ही गहू पेरला आणि डॉक्टर कापले. दुसरी-तिसरी पिढी शिकून शहरांत गेली. मला त्यात अपयश दिसत नाही. आपल्या मुलांनी ठाण्यातच राहून, या जमिनीची एक जबाबदारी स्वतःची मानली तरी पुरेसे आहे. त्यासाठी कामे आळीपाळीने न वाटता एका कुटुंबाकडे एक काम सलग तीन वर्षे द्यावे. कोणाकडे बियाणे, कोणाकडे कलमांच्या नोंदी, कोणाकडे पोहे कांडून आणणे, कोणाकडे खोबऱ्याचे व तिळाचे तेल लाकडी घाण्यावर काढून शब्बाथच्या दिव्यासाठी सर्वांना पोहोचवणे. तीन वर्षांत कलमांची ओर्लाची मुदतही संपत येते आणि काम अंगवळणी पडते. पंधरा दिवसांनी एक कुटुंब तरी शेतावर गेलेच पाहिजे, पावसातही. सहलीच्या दिवसांतच जाणारा गट टिकलेला मी पाहिलेला नाही.

कायद्याबाबत थोडक्यात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सरसकट विकत घेता येत नाही, म्हणून पंधरा कुटुंबांच्या किंवा संस्थेच्या नावे जमीन करण्याच्या भानगडीत पडू नये. जमीन मूळ कुटुंबाच्या नावेच राहू द्यावी आणि इतरांनी खर्च व श्रमांत भागीदार व्हावे. इस्रायलला गेलेल्या आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना शेतजमीन खरेदी करता येत नाही, परंतु वारसाहक्क असू शकतो. दिमोना, अश्दोद, लोद येथे कोणी भाऊबंद असतील तर वारस नोंद करतानाच त्यांना विश्वासात घ्यावे. किनाऱ्यावरच्या जमिनींचे भाव पाहता हा विषय जितका उशिरा निघेल तितका कडू होतो. अलिबागचा स्थानिक वकील गाठूनच पुढचे पाऊल टाकावे.

पावसाळ्यापूर्वी आपण एवढे करावे. सातबारा, आठ-अ आणि फेरफारांच्या नकला काढाव्यात, मोजणी झालेली नसेल तर अर्ज द्यावा. कसणाऱ्या कुटुंबाच्या घरी समाजातील दोन वडीलधाऱ्यांनी जाऊन बसावे आणि आधी त्यांचे ऐकावे. खाचराची आणि वाडीची माती वेगवेगळी तपासून घ्यावी. कोकणातील जांभ्या मातीत आम्लता जास्त असते आणि खाडी जवळ असेल तर क्षारही पाहावे लागतात. आज्यांकडून सणांच्या पदार्थांची यादी करून घेण्याचे काम याच काळात होईल. मातीचा अहवाल आणि ती यादी हाती आली की दोन्ही येथे कळवावीत. चुन्याचे आणि शेणखताचे प्रमाण, तसेच पहिल्या वर्षी कोणत्या पाच गुंठ्यांपासून सुरुवात करावी, हे त्यावरून मला नेमके सांगता येईल.